केसपेपरवरचं दुसरं वाक्य

दवाखाना आवरायला मला तीन आठवडे लागले. जागा म्हणाल तर दहा बाय बाराची, मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे पेशंटचं बाकडं, पलीकडे मी. बेचाळीस वर्षं तिथे बसले. लालबागची ती चाळ आता पडणार आणि तिथे टॉवर होणार. बिल्डरच्या ऑफिसातला एक माणूस रोज फोन करून "मॅडम, कुठपर्यंत आलं?" असं विचारायचा. दोनदा मी त्याच्यावर खेकसले. मी मुळातच रागीट बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. शांततेवर भाषणं देणारी बाई स्वभावानेही शांत असणार असं लोक धरून चालतात. त्यांनी माझ्या कंपाउंडरला विचारावं.

कंपाउंडर आता पंच्याहत्तरीचा. आवराआवरीला तो रोज येत होता, म्हणजे बाकड्यावर बसून चहा पीत होता आणि कुठली बाटली कुणासाठी मागवली होती ते सांगत होता. केसपेपरना मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. माणसांचे आजार रद्दीवाल्याकडे जाता कामा नयेत असा माझा नियम, म्हणून एकेक कागद मी स्वतः फाडत होते. निम्मे पेशंट देवाघरी गेलेले, बाकीचे विरार-बदलापूरला. चौथ्या खोक्यात तिचा केसपेपर निघाला.

वर साखरेचे आकडे, गोळ्यांची नावं, 'झोप नाही', 'पायाला मुंग्या'. आणि खाली समासात माझ्याच अक्षरात तिची दोन वाक्यं. त्यातलं पहिलं वाक्य मी गावोगावी सांगत फिरले आहे. त्या वाक्यावर मला टाळ्या मिळाल्या, शाली मिळाल्या, कपाटभर नारळ मिळाले. दुसरं वाक्य मी विसरून गेले होते, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आले. कागद हातात आला तेव्हा लक्षात आलं की मी काहीही विसरले नव्हते.

ती जवळच्याच एका शाळेत आयाचं काम करायची. नवरा गिरणीत होता, तो संपानंतर खचत खचत गेला. मुलगा आणि मुलगी तिने एकटीने वाढवली. मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे यायचा, कान फुटायचा त्याचा. मोठा झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, तेव्हा पेढे घेऊन आला होता आणि बाकड्यावरच्या सगळ्या पेशंटना त्याने ते वाटले होते, मधुमेहाच्या पेशंटनासुद्धा. मी त्यालाही ओरडले होते.

ज्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली, त्या उन्हाळ्यात तो गेला. मी तिच्या घरी भेटायला गेले, पण डॉक्टरसारखी गेले. नाडी पाहिली, झोपेच्या चार गोळ्या दिल्या, "खायला घाला तिला" असं शेजारणींना बजावलं आणि वीस मिनिटांत परत आले. दवाखान्यात पेशंट खोळंबले होते, असं माझं कारण होतं. खरं म्हणजे त्या खोलीत बसवत नव्हतं. माझा मुलगाही त्याच सीमेवर होता.

एकोणीस दिवसांनी माझा गेला. तो लष्करात डॉक्टर होता, पंचवीस वर्षांचा. जखमींना आणायला पुढे गेला आणि परत आला नाही. एवढंच आम्हाला सांगण्यात आलं आणि त्यापेक्षा जास्त मी कधी विचारलं नाही.

तेरा दिवस दवाखाना बंद होता. चौदाव्या दिवशी उघडला तर बाकड्यावर ती. आमच्याकडे नंबराचे पत्र्याचे बिल्ले असत. कंपाउंडर ते खिळ्यांना लटकवून ठेवायचा, पेशंटने आल्यावर आपला नंबर घ्यायचा. तिने सगळ्यात शेवटचा नंबर घेतला होता. सगळे गेल्यावर ती आत आली, स्टुलावर बसली, बिल्ला टेबलावर ठेवला. मी सवयीने विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही. बसायला आले." दहा मिनिटं बसली आणि गेली. पुढच्या बुधवारी पुन्हा आली, पुन्हा शेवटचा नंबर. तीन वर्षं हे चाललं. तिची साखर वाढलेली, ती मी तपासायचे, गोळ्या लिहून द्यायचे, पण ते निमित्त होतं. त्या तीन वर्षांत माझं सांत्वन करायला कितीतरी शिकलेली माणसं आली. नंबर लावून बसली ती एकटी.

शिकलेल्या माणसांचं सांगते. आम्ही शिवाजी पार्कला राहतो. एके सकाळी मैदानाच्या कट्ट्यावर एका निवृत्त गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे, आणि अशी आणखी हजार पोरं गेली तरी बेहत्तर, पण त्यांना कायमचा धडा शिकवला पाहिजे. मी विचारलं, "त्या हजारांत तुमची किती?" त्यांचा एकुलता एक न्यू जर्सीला होता. ते पुन्हा कधी माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. त्याच आठवड्यात दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये कुणीतरी मला बोलायला बोलावलं. मी गेले, रागातच गेले. युद्ध म्हणजे काय असतं ते मी पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या भाषेत सांगितलं. लोक सुन्न झाले. माझं शांततेचं काम सुरू झालं ते असं, संतापातून.

नंतर बोलावणी वाढली. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली. माझं दुःख लोक ऐकून घ्यायचे, पण मनात म्हणायचे, ही डॉक्टरीणबाई, इंग्रजी शिकलेली, हिला माफ करणं परवडतं. मला साक्षीदार हवा होता.

एका बुधवारी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली होती. बाहेर कंपाउंडर शटर अर्धं खाली ओढत होता. ती एकदम म्हणाली, "डॉक्टरबाई, तिकडच्या आईचं पण असंच होत असेल ना. तिचं पोर पण कुणीतरी पाठवलंच असेल." मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "पण मला तिचं तोंड बघायचं नाही. कधीच नाही."

ती गेल्यावर मी दोन्ही वाक्यं केसपेपरवर लिहून ठेवली. पेशंट काही वेगळं बोलला की टिपून ठेवायची मला सवय होती. ती त्या वेळी पेशंट म्हणून आली नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन महिन्यांनी दादरलाच मोठी सभा होती. या वेळी हॉल खचाखच भरलेला. भाषणाच्या शेवटी मी म्हटलं, शांततेची भाषा फक्त आमच्यासारख्यांची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकावं. लालबागच्या चाळीत राहणारी, शाळेत आयाचं काम करणारी, मुलगा रणात गमावलेली एक आई आहे. तिच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. ती मला काय म्हणाली? आणि मी तिचं पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

नाव मी घेतलं नव्हतं. आम्हा डॉक्टरांची ही जुनी पद्धत. कॉलेजात शिकवताना, परिषदेत बोलताना आम्ही सर्रास केस सांगतो. वय सांगतो, व्यवसाय सांगतो, नाव तेवढं वगळतो. नाव वगळलं की पेशंट सुरक्षित, असं आम्ही मानतो. साधं गळू फोडायचं तरी मी पेशंटला विचारल्याशिवाय कधी हात लावला नाही. इथे एका बाईच्या काळजातलं उचलून मी हजार माणसांसमोर ठेवलं आणि तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

दोन दिवसांनी ते पेपरात आलं. मी दवाखान्यात पोचले तर कंपाउंडर पेपर गुडघ्यावर ठेवून बसलेला.

"बाई, पेपरात इल्ली ती आपलीच ना?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाव कुठे आहे?

"नाव कित्याक व्हया? लालबागात अशी एकच आसा. ह्या बरा नाय झाला."

मी त्याला म्हटलं, तू औषधं लाव. त्या बुधवारी शेवटचा बिल्ला खिळ्यावरच राहिला.

तिच्या चाळीत काय झालं ते मला आधी कंपाउंडरकडून आणि नंतर तिच्या मुलीकडून कळलं. चाळीतल्या मंडळाच्या फळ्यावर दर पंधरा ऑगस्टला तिच्या मुलाचा फोटो लावत आणि झेंडावंदन तिच्या हातून करत. त्या वर्षी तिला सांगितलं, मावशी, तुम्ही बसा, आज दुसऱ्यांना बोलावलंय. नळावर बायका तिला ऐकू जाईल इतपत आवाजात बोलत, हिला तिकडच्या आयांचा पुळका आलाय. दिराने घरी येऊन विचारलं, पोराचं रक्त इतक्यात सुकलं का? ती आधी म्हणाली, मी असं बोललेच नाही. मग म्हणाली, बोलले, पण एवढंच नाही बोलले. एवढंच नाही म्हणजे आणखी काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मुलगी आली ती तीनेक महिन्यांनी. तेव्हा कॉलेजात होती. नंबर न घेता सरळ आत आली. समोर पेशंट होता, मी त्याला बाहेर पाठवलं.

"बुद्ध तुम्हाला आमच्याच भिंतीवर दिसला?" ती म्हणाली. "स्वतःच्या घरात लावलात कधी? शांती आमच्या घरातली आणि टाळ्या तुम्हाला."

तिचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं. मी काय करायला हवं होतं? उठून तिच्याबरोबर जायला हवं होतं. चालत दहा मिनिटांवर घर. त्याऐवजी मला राग आला. मी तिला म्हटलं, तुझी आई जे बोलली ते फार मोठं आहे, ते कळायला तुला अजून वेळ लागेल. एकोणीस वर्षांच्या, भाऊ गेलेल्या मुलीला मी तिची आई समजावून सांगत होते. ती निघून गेली. दारातून जाताना तिने पार्टिशनला हात टेकला होता, एवढं मला अजून दिसतं.

त्यानंतर कंपाउंडरने दोनदा आठवण केली की त्या ताईंच्या गोळ्या संपल्या असतील, जाऊन यायला हवं. मी म्हटलं, येईल आपणहून. मनात होतं की तिचा राग ओसरेल. तिचा राग ओसरायची वाट मी माझ्या सोयीने बघत होते. तेवढ्यात डॉक्टरांच्या एका गटाबरोबर मला लाहोरला जायचं बोलावणं आलं. ते त्याच भाषणामुळे आलं होतं.

लाहोरला एका घरी आमची बैठक झाली. तिथे माझ्याच वयाची एक बाई होती, तिचाही मुलगा त्याच लढाईत गेला होता. आम्हाला दोघींना शेजारी शेजारी बसवलं. कुणीतरी म्हणालं, आता भेटा. आम्ही मिठी मारली. फोटो निघाला. तो फोटो दुसऱ्या दिवशी इकडच्या पेपरांतही आला आणि पुढची कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक भाषणाच्या जाहिरातीत होता. नवरा मात्र माझ्या एकाही भाषणाला आला नाही. त्याला टाळ्या ऐकवत नसत. तो फोटो त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हिच्याशी काय बोललीस?" मी म्हटलं, खूप काही. त्याने पेपर घडी करून ठेवला. आता तोही नाही.

सुमारे चार वर्षांनी कंपाउंडरने सांगितलं की तिच्या डोळ्यांचं काही खरं नाही. मी पुस्तकातल्यासारखं ते समजू शकत होते. माझ्याकडे यायचं बंद केल्यावर काही दिवस ती महापालिकेच्या हॉस्पिटलात रांग लावत होती. मग शाळेची वेळ आणि रांगेची वेळ जुळेना म्हणून ते सुटलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून कारल्याचा रस, कसला तरी पाला. साखर आतल्या आत डोळ्यांचा पडदा खात राहिली. दिसायला कमी झालं तेव्हा ते वयाचं समजून तिने चष्मा बदलला. मी ओळखीच्या डोळ्यांच्या सर्जनकडे तिची वेळ ठरवली आणि कंपाउंडरकरवी निरोप धाडला. मुलीने उलट निरोप दिला, आमचं आम्ही बघू. वरातीमागून घोडं नेल्यावर आणखी काय होणार.

मनाला टोचू नये म्हणून माझ्यापुरती कारणं मी ठरवून टाकली होती. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पेपरवाल्यांनी एवढं छापायला नको होतं. चाळीतले लोक संकुचित. यातलं प्रत्येक कारण दोन-चार वर्षं पुरलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तसं माझं चाललं होतं. वैऱ्याच्या दारात जा, असं मी व्यासपीठावरून सांगत होते आणि लालबागमध्ये दवाखान्यातून निघाल्यावर तिची गल्ली टाळून पलीकडच्या रस्त्याने दादरची बस धरत होते. वीस वर्षं.

तर तो केसपेपर माझ्या हातात होता. कंपाउंडरने मान लांब करून पाहिलं आणि कुणाचा ते ओळखलं. आता ती लेकीबरोबर वडाळ्याला राहते, हे त्याला माहीत होतं. पत्ता त्याने खिशातून काढला, बिडीच्या बंडलाबरोबर ठेवलेला. किती वर्षं तो तिथे होता कोण जाणे. मी त्याला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वडाळ्याला गेले. लिफ्टने सातव्या मजल्यावर. दार मुलीने उघडलं. आता ती चाळिशी ओलांडलेली, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिने मला लगेच ओळखलं. आत घ्यावं की नाही हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आतून आवाज आला, "कोण गं?" मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "लालबागच्या डॉक्टर."

मग, "येऊ दे."

ती खिडकीजवळच्या कॉटवर बसली होती. केस पूर्ण पांढरे, पांढरं लुगडं. भिंतीवर तीच तसबीर आणि शेजारी मुलाचा वर्दीतला फोटो. माझ्या पावलांच्या दिशेने तिने तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे गेली. कॉटसमोर खुर्ची होती. मी बसले. काय बोलायचं ते टॅक्सीत घोकून आले होते, ते सगळं पळालं. मी म्हटलं, माझं चुकलं. तिला न विचारता मी बोलले, आणि बोलले ते अर्धंच बोलले. तेवढं बोलून मी पर्समधून केसपेपर काढला आणि सांगितलं की हा सापडला.

"वाचा," ती म्हणाली.

मी दोन्ही वाक्यं वाचली. हजारदा म्हटलेलं पहिलं वाक्य त्या खोलीत मला धड म्हणता येईना. दुसरं मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

"हां. असंच बोलले होते मी," ती म्हणाली. आणि मुलीच्या दिशेने, "बघ. मी सांगत होते ना तुम्हाला." मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचाही राग आला होता.

मग तिने विचारलं, "पुढचं का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, त्याला टाळ्या पडल्या नसत्या.

"ते झालंच," ती म्हणाली. "तुम्ही गेला होतात ना तिकडे. फोटो आला होता, मला तेव्हा दिसत होतं. गळ्यात पडला होतात तिच्या. तिचं तोंड बघितलंत?"

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. वार्ताहरांनी नाही, नवऱ्यानेही नाही. मिठीत तोंड दिसत नाही, ही त्यातली सोय. मिठी सुटल्यावर आम्ही तासभर शेजारी बसलो होतो. ती बाई माझ्याशी हळू आवाजात बोलत होती, तिच्या मुलाला काय आवडायचं ते सांगत होती. मी तिच्या हातांकडे बघत होते. उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. मी त्या सांध्यांचं निदान करत बसले होते. वर बघितलं तर माझ्याकडून काय होईल याची मला खात्री नव्हती. ती रस्त्यात समोर आली तर मी तिला आज ओळखणार नाही.

मी म्हटलं, "नाही. हातांकडे बघत होते."

ती हसली नाही. मान हलवली. पेशंटचं दुखणं नेमकं सापडल्यावर मी हलवायचे तशी.

"म्हणजे दुसरं वाक्य तुमचं पण होतं," ती म्हणाली. "पहिलं माझ्या नावावर खपवलंत. दुसरं तरी स्वतःच्या नावावर सांगायचं होतंत. मी एकटी पडले नसते."

मी खूप वेळ रडले. ती रडली नाही. मुलीने चहा आणला, तो मी गार करून प्यायले. निघण्याआधी मी तिला विचारलं, तुझे पाय बघू का, साखरेत पायांना जपावं लागतं. ती म्हणाली, नको, पाय माझी लेक बघते. मग मी विचारलं, हे सगळं लिहू का. या वेळी विचारलं. नाव घेणार नाही, असंही म्हटलं.

"नाव तेव्हा पण घेतलं नव्हतंत," मुलगी दारातून म्हणाली.

आईने तिला हाताने थांबवलं. फोटो कुठे आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं, कारण त्या बाजूला तोंड करून ती बोलली, सावकाश, मी टिपून घेत असल्यासारखी.

"तुमचं पोर गेलं त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण माझे डोळे गेले त्यात तुमचा हात आहे, ते मी विसरायची नाही. लिहायचं तर दोन्ही लिहा."

दोन्ही लिहिली आहेत. छापायला देण्याआधी हा मजकूर मी वडाळ्याला पाठवला आणि मुलीने तो तिला वाचून दाखवला. दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. तिच्या भावाचा लहानपणी घसा सुजायचा, असं मी लिहिलं होतं. आई म्हणते घसा नाही, कान फुटायचा. बाकीचं राहू दे म्हणाली. मी वर तशी दुरुस्ती केली आहे. केसपेपर त्या मुलाचाही होता, तो मी तिसऱ्या खोक्यातून, नाव तेवढं बघून, न वाचता फाडून टाकला होता.